दहाव्या माणसासाठी प्रदर्शन

चित्रांची प्रदर्शनं लोक नाना कारणांनी भरवतात. कुणाला चित्रं विकायची असतात, कुणाला चारचौघांत मिरवायचं असतं, कुणाला निवृत्तीनंतर घर खायला उठलेलं असतं. पण एका खोलीत एका वेळी दहा ज्यू पुरुष जमावेत, एवढ्या एकाच हेतूनं प्रदर्शनांमागून प्रदर्शनं भरवणारा माणूस साऱ्या भूतलावर एकच असणार, आणि तो आळेफाट्याला, माझ्या औषधाच्या दुकानाच्या बरोबर डोक्यावर असतो. त्यांना सगळा फाटा ‘प्रदर्शनवाले काका’ म्हणतो. मी नुसतं काका म्हणतो, आणि ते मला ‘मेडिकल’ म्हणतात. “काय मेडिकल, आज खोकला जोरात दिसतोय,” अशी सकाळी जिना चढताना चौकशी होते. खोकला गावाचा असतो, माझा नव्हे, पण त्यांना हा फरक महत्त्वाचा वाटत नाही.

काका बेने इस्राएल. पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. वडील कालव्याच्या कामावर नोकरीला म्हणून घाट चढून जुन्नर तालुक्यात आले. त्यांच्या मागे कुणी पोस्टात, कुणी सरकारी दवाखान्यात असं करत आणखी काही घरं इकडे आली आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थनेसाठी माझ्या दुकानावरची खोली घेतली. पुढे कुणी ठाण्याला गेलं, कुणी पुण्याला, बरेचसे इस्रायलला. काकांची एकुलती एक मुलगीसुद्धा लग्न होऊन तिकडेच गेली. खोली राहिली आणि काका राहिले. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. फाट्याच्या स्टँडवर कर्ण्यातून गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि आवाज मात्र अजून सेवेतच आहे. ते चहा मागवतात तेव्हा नाशिकच्या गाडीला निघालेली माणसं थबकतात.

काकांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिला सगळे बाई म्हणायचे. आळे, राजुरी, बेल्हे या पट्ट्यात आज तिशी-चाळिशीला असलेली निम्मी माणसं बाईंच्याच हातात पहिल्यांदा रडली. माझा थोरलासुद्धा. त्या रात्री-अपरात्री कुणाच्याही मोटरसायकलवर मागं बसून निघायच्या आणि काका पुढच्या ओट्यावर बॅटरी घेऊन वाट बघत बसायचे. बाई गेल्या तेव्हा फाट्यावरची दुकानं कुणी न सांगता बंद होती. दफन पुण्याला समाजाच्या दफनभूमीत झालं. तिथं ऐन वेळी सात-आठच पुरुष हजर झाले, आणि गेलेल्या माणसासाठी म्हणायची जी त्यांची कद्दीश नावाची प्रार्थना असते, ती राहून गेली. कारण तिला दहा पुरुष लागतात. तेही ज्यू, तेही तेरा वर्षांच्या वरचे. नऊ असले तर नाही. नऊ आणि एक देव धरला तरी नाही, असं काकांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं.

तेव्हापासून काकांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. बाईंची कद्दीश म्हणायची, आणि ती याच खोलीत म्हणायची. मुलगी फोनवर सांगायची, “बाबा, इकडे या, इकडे रोज सकाळी माणसं जमतात, एका दिवसात होऊन जाईल.” काका म्हणायचे, “गाडी इथून सुटते.” पुढे त्यावर चर्चा नाही. मग त्यांनी पुण्या-ठाण्याच्या नातेवाइकांना बोलावून पाहिलं. कुणी हो म्हणालं, कुणी बघतो म्हणालं, आलं कुणीच नाही. शेवटी पुण्याचा एक भाचा स्पष्टच बोलला, की मामा, नुसत्या प्रार्थनेसाठी एवढ्या लांब कोण येतंय, काहीतरी कार्यक्रम असता तर गोष्ट वेगळी. काकांनी दुसऱ्याच आठवड्यात पेंटर बोलावला आणि जिन्यावर पाटी चढली : ‘बेने इस्राएल समाज कलादालन’. तिच्या खाली काळा फळा, आणि फळ्यावर ‘आगामी प्रदर्शने’. मी विचारलं, “काका, चित्रकलेतलं तुम्हाला काय कळतं?” ते म्हणाले, “मला डिझेल इंजिनातलं तरी काय कळत होतं? गाड्या वेळेवर सुटल्याच ना?”

आगामी प्रदर्शनं कायम तीन असत. एक चुकलेल्या पाहुण्याला पुढचं धरता यावं हा हिशेब. प्रत्येकाची जाहिरात काका स्वतःच्या आवाजात मोबाइलवर भरून सगळ्या नातेवाइकांना पाठवत. “आळेफाटा येथे रविवार सकाळी भरणारे, निसर्गचित्रांचे प्रदर्शन, प्रवाशांनी, आपलं, रसिकांनी कृपया नोंद घ्यावी. ठाण्याच्या रसिकांनी माळशेजमार्गे यावे. पुण्याच्या रसिकांनी नारायणगावला उतरू नये.” एकदा बाईंच्या गावाकडच्या एका मावशीनं तो आवाज ऐकून फोनवरच विचारलं, की ही गाडी जाते कुठं.

चित्रकार निवडण्याची त्यांची पद्धत तर मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही आणि कलेच्या प्रांतात कुणी ऐकलीही नसेल. एखाद्या ज्यू चित्रकाराचा पत्ता लागला की काका फोन करून आधी विचारत, “भाऊ किती?” मग, “चुलते हयात आहेत का? मेहुणे? गाडी चालवता येते का त्यांना?” चित्रांची चौकशी शेवटी, तीही किती आहेत आणि खिळे किती लागतील एवढीच. पुण्याची एक मुलगी फार सुंदर रंगवते असं कुणी सांगितलं, पण ती निघाली एकुलती एक, आणि वडील दुबईला. काका हळहळले. “हात चांगला आहे म्हणतात, पण घराणं फार लहान.” उलट ठाण्याचा एक गृहस्थ कॅलेंडर बघून मृत समुद्राची चित्रं काढायचा. सगळ्या चित्रांत समुद्र, आणि सगळे समुद्र औषधाच्या बाटलीच्या निळ्या रंगाचे. पण त्याला पाच भाऊ! काकांनी त्याची लागोपाठ दोन प्रदर्शनं भरवली. दोन्ही वेळा तो एकटाच आला, कारण भावाभावांत जागेवरून कोर्ट चालू होतं, हे काकांनी विचारायचं राहिलं होतं.

प्रेक्षकांची मात्र कधी वाण पडली नाही. पश्चिमेची भिंत जेरुसलेमच्या दिशेची, प्रार्थनेची, म्हणून तिच्यावर काका चित्र लावत नसत. लोकांना वाटे तिकडे ओल येते. दाराच्या चौकटीला त्यांचा मेझुझा असतो, छोट्या डबीत गुंडाळलेलं पवित्र वचन. काका त्याला हात लावून बोटं ओठांना टेकवतात हे पाहून गावच्या बायकाही हात लावून नमस्कार करायला लागल्या. एखादी नवस बोलून जात असेल तर मला माहीत नाही. शिवाय प्रदर्शनाला मलिदा असे, पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घातलेला. त्यामुळे कांदा मार्केटचे हमाल, ट्रकवाले, मेंढरं घेऊन रस्त्यानं जाणारे धनगर, सगळे रांगेनं वर जाऊन कलेचा आस्वाद घेऊन येत. एक म्हातारा धनगर मृत समुद्रापुढं बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “पानी लई हाय, पन चारा दिसत न्हाई.” त्या प्रदर्शनावर यापेक्षा नेमकं कुणी काही बोललं नसेल.

शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून त्या दिवशी काका दिवा लावत नाहीत, पैशाला हात लावत नाहीत, आणि दुसऱ्याला ‘लाव’ असंही सांगता येत नाही. पण शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची, म्हणून पोरं नेमकी तेव्हाच चित्रं बघायला येतात. मग काका माझ्या दुकानात येऊन नुसते उभे राहतात. “मेडिकल, वर काळोख आहे,” एवढंच. मी म्हणतो, “मग दिवा लावू का?” “मी काय सांगणार? काळोख आहे ही वस्तुस्थिती सांगितली.” मी मुद्दाम जागचा हलत नाही. ते पुन्हा, “पोरं ठेचकाळतील.” मी म्हणतो, “खरंय.” असं दहा मिनिटं दोघांनी एकमेकांना खेळवायचं आणि मग मी वर जाऊन बटण दाबायचं, हा आमचा शनिवारचा पाठ आहे. गिऱ्हाईक खोळंबतं, पण तेही ऐकत उभं राहतं.

आता मागच्या थंडीतल्या रविवारची गोष्ट. त्या वेळी प्रदर्शन होतं काकांच्या त्याच पुण्याच्या भाच्याच्या मुलाचं. पोरगा इंजिनिअरिंग सोडून चित्रं काढायला लागलेला, त्यामुळे घरात रडारड, पण काकांनी उचलून धरलं, कारण पोराला समजावायला म्हणून सगळे काके-मामे येणार होते. हा डाव मात्र लागू पडला. काका आदल्या दिवशी मला म्हणाले, “उद्या भरणार, मेडिकल. बाप येतोय, दोघं चुलते, आजोबा, ठाण्याचे दोघं, पनवेलचे एक, पोरगा, मी आणि मंचरला बँकेत नवीन बदलून आलाय तो. बाईंची तारीख-तिथी जुळत नाही, पण माणसं जुळतायत ना!” त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच कर्ण्याशिवायचा ऐकला.

सकाळी माणसं खरोखरच आली. काका प्रत्येकाला जिन्यात गाठून, चित्रांकडे न नेता सरळ खुर्चीत बसवत होते. बापानं पोराला बोलायला तोंड उघडलं की काका म्हणत, “ते नंतर. आधी बसा. जागा सोडू नका.” आत नऊ झाले. दहावा, मंचरचा बँकवाला, आदल्या रात्री पुण्याला घरी गेला होता आणि सकाळी तिकडूनच येत होता. त्याचा फोन आला. पेठजवळ गाडी बंद पडली होती, पट्टा तुटला, आणि रविवार म्हणून मेकॅनिक मिळेना. काकांनी त्याला उभ्या उभ्या पाच गाड्यांच्या वेळा सांगितल्या, पण तो गाडी रस्त्यात टाकून यायला तयार नव्हता. तिकडे पनवेलवाल्यांना माळशेज उतरायला उजेड हवा होता, ठाणेवाल्यांना संध्याकाळी लग्न होतं. दुपार कलायला लागली.  काका बाहेर येऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, आणि त्या माणसाला असं हातपाय गाळून बसलेलं मी तेव्हा प्रथमच पाहिलं असेल.

समोरचा गॅरेजवाला हे सगळं बघत होता. तो बेल्ह्याचा, बाईंच्या हातावर झालेला. हात पुसत वर आला. “काका, किती कमी पडत्यात?”

“एक.”

“मग मी बसतो की! आंघूळ करून येतो. टोपी घालतो. काय म्हनायचं ते शिकवा.”

“तसं चालत नाही रे.”

“का नाय चालत? मला जल्माला घातलं आईनं, पन पयलं हातात कुनी घेतलं? बाईंनी. मंग बाईंसाठी मी नाय बसायचा तर कोन बसायचा? हितं दहा काय, पन्नास आनतो. सगळी त्यांच्याच हातची पोरं हायती.”

काकांनी त्याला समजावायचा प्रयत्न केला. शेवटी नुसती मान हलवली. गॅरेजवाला खाली उतरला तो तोंड पाडून. मला म्हणाला, “ह्यो कसला नियम राव? वळखीच्या मानसाला धरतच न्हाईत.” मलाही तेच वाटत होतं. पण नियम त्यांचे, त्यात आपण काय बोलणार?

अर्धा-पाऊण तास गेला असेल. वर लोकांनी पिशव्या आवरायला घेतल्या होत्या, आणि जिन्यातून आरडाओरडा ऐकू आला. पुढं गॅरेजवाला, मागं एक उंच, गोरा, उन्हानं लालबुंद झालेला माणूस, पायात मातीचे बूट, आणि त्याच्या मागं घाबरलेला ड्रायव्हर. हा माणूस ठिबक सिंचनातला तज्ज्ञ. राजुरीकडच्या कुणा बागायतदाराचं डाळिंब बघून परत निघाला होता, फाट्यावर जीपचं चाक पंक्चर झालं. ड्रायव्हरनं सहज बोलताना सांगितलं की साहेब इस्रायलचे आहेत. झालं! गॅरेजवाल्यानं पंक्चरचं चाक काढलं, स्टेपनीही काढून घेतली, आणि दोन्ही आत ठेवून कुलूप लावलं.

“काका, ह्यो घ्या दहावा,” तो दारातूनच म्हणाला. “वरिजनल हाय. आन चाकं माज्याकडं हायती, जातोय कुठं!”

त्या पाहुण्याला काही कळेना. काका उठले आणि एसटीच्या इंग्रजीत त्याला सांगायला लागले. तो म्हणाला की तो धार्मिक वगैरे अजिबात नाही, तेरा वर्षांचा असताना एकदा देवळात उभा केला होता, त्यानंतर अशा ठिकाणी गेलेलाच नाही, आणि त्याला संध्याकाळी पुण्यात मीटिंग आहे. गॅरेजवाल्याला भाषा कळली नाही, पण सूर कळला. तो दारात आडवा उभा राहिला. मग पाहुण्यानं विचारलं, कुणासाठी? काका म्हणाले, “माय वाइफ.” एवढंच. त्या माणसानं काकांकडे बघितलं. मग जिन्यात जमलेल्या माणसांकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून बसला. डोक्यावर घ्यायला काही नव्हतं. मी धावत खाली जाऊन खोकल्याच्या औषधाच्या कंपनीनं फुकट दिलेली टोपी आणली. पुढं मोठ्या लाल अक्षरात ‘कफपासून आराम’ असं लिहिलेलं. ती त्यानं निमूटपणे घातली.

पश्चिमेकडे तोंड करून दहा माणसं उभी राहिली. मी, गॅरेजवाला, हॉटेलवाला, बाजारातल्या बायका, आमच्या घरचे, सगळे दारात आणि जिन्यात. कुणी बोलवलं नव्हतं, बातमीच तशी फिरली होती. काकांनी कद्दीश म्हणायला सुरुवात केली. जो आवाज चार फलाट ओलांडून जायचा, तो पुढच्या ओळीपर्यंत जेमतेम पोचत होता. मध्ये एकदा थांबलाच. तेव्हा त्या मातीच्या बुटाच्या माणसानं पुढचे शब्द पाठच असल्यासारखे हळूच पुरवले आणि काकांनी ते उचलले. मधून मधून सगळे आमेन म्हणत. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला जिन्यातूनही आमेन आलं, जरा उशिरा आणि अनेक सुरांत. गॅरेजवाल्याचं सगळ्यात मोठ्यानं. आतल्या कुणी मागं वळून पाहिलं नाही आणि कुणी थांबवलंही नाही. तो शब्द मीही म्हटला, खोटं कशाला सांगू.

मग मलिदा वाटला, पोराला त्याच्या मनासारखं करू द्या असं दोन्ही चुलत्यांनी बापाला सांगितलं, जीपला दोन्ही चाकं परत मिळाली, आणि पाहुणा टोपी घालूनच पुण्याला गेला. पाहुणे पांगले. वर आम्ही दोघंच राहिलो. मी विचारलं, जे कधी विचारलं नव्हतं ते. “काका, मुलगी एवढी म्हणत होती. तिकडे हे एका सकाळी झालं असतं. इतकी वर्षं ही यातायात कशाला केलीत?”

काका खुर्च्या एकात एक घालत होते. थांबले. “तिकडे दहा माणसं कुठंही मिळतात हो, मेडिकल. रस्त्यावर हात केला तरी मिळतील. पण त्यातल्या एकानंही तिला पाहिलेलं नसणार. आणि इथं जे तिला ओळखतात, ते मोजता येत नाहीत. मला दोन्ही एका जिन्यात हवे होते.”

 त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि तो घालून भिंतीकडे वळले. त्या पोराच्या पहिल्या चित्रापुढं जाऊन उभे राहिले. मग दुसऱ्यापुढं. बऱ्याच वेळानं, मागं न बघता म्हणाले, “अहो, हा मुलगा खरंच छान काढतो की. बाजारातली बाई बघा ही. हात कसे आलेत तिचे.” मीही उठून त्यांच्याजवळ गेलो. मला चित्रातलं काही कळत नाही. पण उजेड कमी होईपर्यंत आम्ही दोघं एकेका चित्रापुढं उभे होतो, आणि खाली गिऱ्हाईक हाका मारत होतं तरी मला तिथून जावंसं वाटलं नाही.